दोन स्टेशनांमधला एक मैल

टार्बरी गावाला दोन रेल्वे स्टेशनं होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. दक्षिणेकडून येणारे रूळ गावाच्या खालच्या टोकाला संपायचे, उत्तरेकडे जाणारे वरच्या टोकाला सुरू व्हायचे आणि मध्ये एक मैलभर गाव पसरलेलं. रूळ जोडले असते तर गाडी सरळ निघून गेली असती. मग उतारू हॉटेलात कशाला राहिले असते आणि इकडचा माल तिकडे छकड्यांवरून कोणी वाहिला असता? म्हणून वीस वर्षांपूर्वी गावच्या शहाण्यांनी कौन्सिलात ठराव करून रूळ जोडू दिले नव्हते. त्या एका मैलावर गावातली निम्मी घरं जेवत होती.

आता अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण लढाईचं चौथं वर्ष सरत आलं होतं. उत्तरेच्या निळ्या फौजेने पीटर्सबर्गला वेढा घातला होता, दक्षिणेची करडी फौज आत उपाशी बसली होती, आणि तिच्यासाठी निघालेल्या बेकनच्या नऊशे पेट्या टार्बरीच्या खालच्या स्टेशनावर बारा दिवस पावसात भिजत होत्या. डुकराचं मांस मीठ लावून धुरी दिली की टिकतं हे खरं, पण त्यालाही काही मर्यादा असते. ती मर्यादा स्टेशनातल्या उंदरांना कळली होती, गावाला कळली नव्हती.

आयसमला ती नाकाने कळत होती. तो स्टेशनवरच्या तीस हमालांचा मुकादम होता. शेचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, पेटीकडे नुसतं बघून वजन सांगणारा. तो विधवा मिसेस पेटवेंच्या मालकीचा होता आणि त्यांनी त्याला रेल्वेला भाड्याने दिला होता. फौज स्वातंत्र्यासाठी लढते आहे, असं दर रविवारी चर्चमध्ये सांगितलं जायचं आणि वरच्या सज्जात उभे राहून गुलाम ते ऐकायचे. आयसमही ऐकायचा. चेहरा दगडासारखा ठेवायची त्याला सवय होती.

गंमत अशी की, त्या अख्ख्या गावात ते बेकन पीटर्सबर्गला पोचावं असं मनापासून वाटणारा माणूस एकच होता, आणि तो आयसम होता. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा एल्बर्ट तिथे होता. मागच्या पानगळीत फौजेने खंदक खणायला मालकांकडून गुलाम मागवले, तेव्हा मिसेस पेटवेंनी रुमालाने डोळे टिपत त्याला पाठवून दिला होता. तिथून गेल्या आठवड्यात एक जण पाय सडला म्हणून परत आला. त्याने आयसमच्या चुलीपाशी बसून सगळं सांगितलं.

"आधी शिपाई खातात. मग खेचरं. उरलं तर आम्ही," तो म्हणाला. "दिवसाला मूठभर मक्याचं पीठ, तेही किडकं. एल्बर्ट? आहे. चालतो. पण त्याच्या मनगटावरनं बेडीसुद्धा घसरून पडेल."

आयसमची बायको विनी हॉटेलात कपडे धुवायची. तिने हातातली लाकडं खाली टाकली.

"म्हणजे ज्यांनी पोराला नेलं, त्यांचं पोट आधी भरायचं," ती म्हणाली, "तेव्हा कुठे त्याला खरकटं मिळणार. हा कुठला न्याय म्हणायचा?"

"न्याय नाहीच," आयसम म्हणाला. "पण पेट्या तर हलवायला हव्यात."

पेट्या हलवणं ज्याचं काम होतं तो कॅप्टन फॅरो. फौजेचा रसद-अधिकारी. लढाईआधी कापसाची दलाली करायचा. माणूस वाईट नव्हता, नुसता निरुपयोगी होता. त्याच्या टेबलावर तीन रंगांच्या शाया होत्या आणि तो रोज दक्षिणेच्या राजधानीला, रिचमंडला, तिन्ही रंगांत पत्रं लिहायचा. आयसम टोपी हातात घेऊन त्याच्या दारात उभा राहिला.

"कॅप्टनसाहेब, छकडे ओढायला खेचरं नाहीत हे मला माहीत आहे. फौजेने नेली. पण माझे तीस जण आहेत, चामड्याच्या कारखान्यातले वीस मिळतील. खांद्यावरून नेऊ. तीन दिवसांत सगळ्या पेट्या वरच्या स्टेशनावर."

फॅरोने लेखणी खाली ठेवली. एवढी सोपी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही याचं दुःख त्याच्या तोंडावर क्षणभर दिसलं, आणि लगेच ती आपल्यालाच सुचली होती असं समाधान दिसलं. तो तडक मेयर ग्रॅनबेरींकडे गेला. ओझं वाहायची वेळ आली तर सोबत असावा म्हणून आयसमला मागे घेऊन गेला.

मेयर ग्रॅनबेरी नाश्ता करत होते. ताटात बेकन होतं.

"खांद्यावरून? अजिबात नाही," मेयर म्हणाले. "दोन स्टेशनांमधला माल वाहण्याचा हक्क छकडेवाल्यांच्या मंडळीला दिलेला आहे. कौन्सिलचा ठराव आहे."

"पण त्यांच्याकडे खेचरं नाहीत, महाशय."

"खेचरं गेली म्हणून हक्क जातो का? आपण लढतोय कशासाठी, कॅप्टन? माणसाच्या हक्काला कोणी हात लावू नये म्हणूनच ना?"

दाराशी उभ्या असलेल्या आयसमने जमिनीकडे पाहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभ अजून जळलाही नव्हता, ताटात बेकन तळून येत होतं. छकडेवाल्यांच्या मंडळीत मेयरांचे दोन मेहुणे होते, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

फॅरोने पुन्हा रिचमंडला लिहिलं. या वेळी लाल शाईत. चार दिवसांनी तारेने हुकूम आला: गावातून रूळ टाका आणि दोन्ही मार्ग जोडा. मग कौन्सिल बसलं. ते आठ दिवस बसलं. रूळ टाकायला हरकत नाही, पण इंजिन गावातून जाता कामा नये, धुराने बायकांचे पडदे काळे होतात. डबे माणसांनी ओढावेत. रविवारी ओढू नयेत. चर्चसमोरून जाताना गाणं म्हणू नये. आणि लढाई जिंकल्यावर तीन दिवसांत रूळ उखडावेत. हे शेवटचं कलम घालायला एक पूर्ण दिवस लागला, कारण तीन दिवस की पाच यावर मतभेद होते.

हमालांमध्ये सायफॅक्सकाका म्हणून म्हातारा होता. दोन्ही मार्गांचे रूळ पहिल्यांदा टाकले तेव्हा त्याने ते खांद्यावरून आणले होते. कौन्सिलची हकीगत ऐकून तो तंबाखू चघळत म्हणाला, "आयसम, पोरा, यांना कोणी सांगितलंय का, की खालचे रूळ चार बोटं जास्त रुंद आहेत ते?"

"त्यांना माहीत नसेल?"

"ते गाडीत बसतात. खाली वाकून कोणी बघितलंय?"

आयसम पुन्हा फॅरोच्या दारात गेला. त्याला वाटलं होतं साहेब दचकेल.

"साहेब, खालच्या गाडीची चाकं वरच्या रुळावर बसणार नाहीत. चार बोटांचा फरक आहे. जोडून उपयोग नाही."

फॅरो दोन सज्जनांशी बोलत होता. तो लाल झाला. "आयसम, रेल्वेचे इंजिनियर आहेत त्यासाठी."

"कुठे आहेत, साहेब?"

"फौजेत," फॅरो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

रूळ टाकले गेले. टाकले आयसमच्याच माणसांनी. उद्घाटनाला बँड होता, त्यात दोन पाय असलेले वादक तिघेच. मेयरांनी अर्धा तास भाषण केलं. मुलींनी पहिल्या डब्यावर कागदी फुलं बांधली. तीस गुलामांनी दोर लावून डबा गावातून ओढत वर नेला, चर्चसमोरून मुकाट्याने, आणि वरच्या स्टेशनाच्या फाट्यावर त्याची पुढची चाकं रुळावरून उतरून चिखलात बसली. डबा कलला. बँड आणखी थोडा वेळ वाजत राहिला, कारण वाजवणाऱ्यांना पुढचं दिसत नव्हतं.

"खाली कुणीतरी दगड ठेवला असेल," मेयर म्हणाले.

"घातपात," त्यांच्या मागून कोणीतरी म्हणालं.

सायफॅक्सकाका वाकला, आपली चार बोटं आडवी धरून रुळावर ठेवली, आणि तसाच वाकून राहिला. ती चार काळी बोटं जमलेल्या सगळ्या सज्जनांनी पाहिली. नंतर कोणी पाहिल्याचं कबूल केलं नाही.

त्या संध्याकाळी आयसम विनीशी पहिल्यांदा ओरडून बोलला. "सव्वीस दिवस झाले," तो म्हणाला. "सव्वीस! माझ्यावर सोपवलं असतं तर तीन. पोरगं तिकडे माती खात असेल आणि हे इथे फुलं बांधतायत." विनीने त्याला बोलू दिलं. मग त्याच्या खांद्यावरच्या सोललेल्या जागी चरबी लावत ती म्हणाली, "यांच्या राज्यात हुशार माणसाला झोप लागत नाही. तू जरा वेड्यासारखा राहा."

पण तो राहिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फॅरोला सुचवलं की पेट्या डब्यातच आहेत असं धरून खांद्यावरून, पण रुळांमधूनच चालत न्याव्यात, म्हणजे ते छकडेवाल्यांचं काम धरलं जाणार नाही, रेल्वेचंच धरलं जाईल. हा मुद्दा मात्र मेयरांना फार आवडला. असल्या मुद्द्यांवरच त्यांचा जन्म गेला होता. पन्नास माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर पेटी, दोन रुळांमधून एक रांग. तीन दिवस. आयसमने स्वतः सर्वांत जास्त फेऱ्या केल्या. एकेक पेटी म्हणजे एल्बर्टच्या तोंडात एकेक घास, असं तो मनाशी म्हणत होता. चौथ्या दिवशी नऊशे पेट्या वरच्या स्टेशनावर रचून झाल्या आणि तिथे एकही डबा नव्हता.

डबे होते, पण राज्याचे होते. गव्हर्नरांचा हुकूम होता की आपल्या राज्याचे डबे हद्दीपलीकडे जाणार नाहीत, कारण पलीकडचे लोक ते परत देत नाहीत. फौज एक, लढाई एक, झेंडा एक, पण डबे ज्याचे त्याचे. फॅरोने हिरवी शाई काढली.

त्यानंतर नऊ दिवसांनी फॅरोने आयसमला बोलावलं. त्याच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर मयताला आल्यासारखा भाव.

"आयसम, तुला हे सांगताना मला वाईट वाटतंय. मिसेस पेटवेंना पीटर्सबर्गहून यादी आली आहे. त्या आजारीच पडल्या. तुझा एल्बर्ट पळाला. आठ जण होते. निळ्यांकडे गेले."

आयसमने कागदाकडे पाहिलं.

"खायला मिळत नाही, असं आदल्या दिवशी तो म्हणत होता म्हणे. पोटासाठी! तुझ्यासारख्या इमानदार माणसाचा मुलगा. महिनाभर मी बघतोय, या बेकनसाठी तू जेवढा राबलास तेवढं या गावात कोणी राबलं नाही. आणि पोरगा असा निघाला."

"होय, साहेब," आयसम म्हणाला.

त्याने तोंड फिरवलं, पण फॅरो समजत होता त्या कारणाने नाही. पोरगा जिवंत होता. निळ्यांकडे पोचलेला गुलाम गुलाम राहत नव्हता; तो सुटला होता. भुकेने त्याला उठवून पलीकडे चालायला लावलं होतं, आणि ती भूक घालवण्यासाठी बाप इकडे खांदे सोलून घेत होता. आयसमला स्वतःची लाज वाटली. मेयर, छकडेवाले, कौन्सिल, गव्हर्नर, या सगळ्यांना तो महिनाभर शिव्या घालत होता, आणि त्याच्या पोराचे खरे उपकारकर्ते तेच होते. मूर्खांची एवढी मोठी फौज त्याच्या बाजूने लढत होती, आणि त्यांच्या विरुद्ध एकटा तोच उभा होता.

मग त्याने बायकोचं ऐकायचं ठरवलं.

"साहेब," तो मान खाली घालून म्हणाला, "आमच्या घराला काळिमा लागला. मला तो धुवून काढू द्या. हे बेकन मी स्वतः पोचवतो. मला सोबत पाठवा."

फॅरोचे डोळे पाणावले. असे प्रसंग आपल्या आयुष्यात यावेत अशी त्याची फार इच्छा होती. निष्ठावंत गुलामावर या लोकांचा भुताखेतांवर असतो तसा विश्वास होता. कोणी पाहिलेला नसला तरी शेजारच्या गावात एक असतोच.

"तुझ्यासारखे लोक असताना आपण हरणार कसे?" तो म्हणाला.

"पेट्यांना बुरशी आलीये, साहेब. वाटेत पुसून पुन्हा मीठ लावायला बाईमाणूस लागेल. माझी बायको करेल."

"ती तर हॉटेलात कामाला असते ना?"

"फौजेसाठी म्हटलं तर सोडतील, साहेब. तुमच्या शब्दाला मान आहे."

फॅरोने काळ्या शाईत परवाना लिहिला आणि तो मोठ्याने वाचून दाखवला. आयसम आणि त्याची बायको विनी फौजेच्या रसदीच्या कामावर पीटर्सबर्गला जात आहेत, त्यांना कोणीही अडवू नये. खाली त्याने एवढी मोठी सही केली की ती आंधळ्यालाही दिसली असती.

विनीला हे सांगितलं तेव्हा तिने टबातून ओले हात काढून घागऱ्याला पुसले. मग म्हणाली, "एकाच कागदावर दोघांची नावं? लग्नातसुद्धा आपल्याला कोणी असा कागद दिला नव्हता."

डबे शेवटी मिळाले, फक्त हद्दीपर्यंतचे. निरोपाला मेयर आले होते. आयसमकडे बोट दाखवून ते शेजारच्या सज्जनाला म्हणाले, "उत्तरेच्या लोकांनी हे येऊन बघावं." सायफॅक्सकाकाने आयसमच्या हातात तंबाखूची पुडी दिली. "एल्बर्टला दे," तो हळूच म्हणाला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

हद्दीवरच्या स्टेशनात पेट्या उतरवल्या. पलीकडच्या राज्याचे डबे समोरच उभे होते, रिकामे. तिथला अधिकारी म्हणाला, इकडून लेखी मागणी आल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. इकडचा म्हणाला, तिकडून पोच आल्याशिवाय आम्ही मागणी देणार नाही. दोघे शेकोटीपाशी खुर्च्या ओढून बसले. पेट्या पावसात. महिन्यापूर्वी आयसम त्या दोघांच्या पाया पडला असता. आता तो त्यांच्यापाशी गेला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, नीट ठरवा. घाई नाही." मग विनीला घेऊन रुळांच्या कडेने चालायला लागला.

पाच दिवस ते चालले. पाच ठिकाणी पहारेकऱ्यांनी अडवलं, पाच ठिकाणी कॅप्टन फॅरोची सही पाहून वाट दिली. एकाने तर शाबासकी दिली. शेवटची चौकी निळ्यांच्या हद्दीवरच्या एका ओढ्याजवळ होती आणि तिथे एकच शिपाई होता. गालफडं बसलेला, पायाला गोणपाट गुंडाळलेला. त्याने परवाना अक्षर अक्षर लावत वाचला.

"रसद," तो म्हणाला. "कुठाय?"

"मागनं येतेय, मालक."

"काय आहे?"

"बेकन. नऊशे पेट्या."

शिपायाने आवंढा गिळला. तो आवाज दोघांनाही ऐकू आला. "मग अडलंय कुठं?"

"साहेबलोकांचं बोलणं चाललंय."

शिपाई हसला नाही, रागावलाही नाही. हे उत्तर त्याने चार वर्षांत पुष्कळदा ऐकलं असावं. आयसमला त्याची दया आली, आणि आली म्हणून स्वतःचाच रागही आला. विनीने मात्र घागऱ्याच्या आत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला बेकनचा तुकडा काढला. पेट्या पुसताना तिने तो मारला होता. अर्धा तोडून तिने शिपायाच्या हातावर ठेवला. तो कच्चाच खायला लागला. ओढ्याकडे पाठ करून खात होता. टार्बरीहून निघालेल्या सगळ्या मालातलं एवढंच फौजेला पोचलं, आणि ते चोरीचं होतं.

ओढा गुडघाभर होता.

एल्बर्ट त्यांना ओढा ओलांडल्यावर तिसऱ्या दिवशी सापडला, नदीच्या धक्क्यावर, निळ्या फौजेच्या कामगारांत. तो जहाजातून पिठाची पिंपं उतरवत होता. धक्क्यापासून थेट खंदकांपर्यंत रूळ टाकलेले होते, इंजिन वाफ सोडत उभं होतं, आणि भाषण करताना कोणी दिसत नव्हतं. विनीने पोराला पकडून त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि त्याला रागावायला लागली, इतके दिवस काय खाल्लं म्हणून. तो हसत होता. त्याच्या गालांवर थोडं मांस आलं होतं.

आयसम लांबच उभा राहिला. एल्बर्टच जवळ आला.

"काय झालं, बाबा? खांद्यांना काय लागलंय?"

"पेट्या वाहिल्या," आयसम म्हणाला. "तुझ्यासाठी. तिथं तुला खायला मिळावं म्हणून."

"पोचल्या नाहीत ना त्या."

"नाही. पण मी सगळं केलं होतं रे. माझं ऐकलं असतं तर तीन दिवसांत पोचल्या असत्या." त्याने पोराच्या गालांकडे पाहिलं. "तू पोटभर जेवला असतास, आणि तिथेच राहिला असतास."

एल्बर्टने बापाच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि त्याचा हात धरून त्याला जेवणाच्या रांगेत नेऊन उभं केलं.